जमा नोंदवहीतला अनुक्रमांक सात

नाव वेगळ्या पानावर दिले आहे. शाळेत मला विज्ञानाच्या बाई म्हणतात. वय ४७ वर्षे, व्यवसाय माध्यमिक शिक्षिका, राहणार शाळेमागची वसाहत, दुसरा मजला.

मी आज शुक्रवारी दुपारी तीन वाजता पोलीस ठाण्यात हजर असून समक्ष विचारल्यावरून सांगते की, या शाळेत मी एकवीस वर्षे नोकरीस आहे. यंदा व्यसनप्रतिबंध समिती माझ्या गळ्यात पडली. कागदावर समितीत पाच जण आहेत, काम मी एकटी करते. आठवड्याला एक तास मिळतो, तोही परीक्षा जवळ आली की गणिताचे सर मागून नेतात. व्याख्यानाला मुले जांभया देतात, घोषणा मात्र खणखणीत देतात. फोटो चांगले येतात.

मुलांनी खरोखर काही करावे म्हणून मी जमापेटी सुरू केली. ज्याच्याकडे जे असेल ते त्याने आणून द्यावे, कोणी ओरडणार नाही. 'जमा करणाऱ्यावर कोणतीही कारवाई होणार नाही' ही सूचना मी टाइप केली, मुख्याध्यापकांनी सही केली आणि ती जिन्याजवळच्या फलकावर लावली. पहिल्या पंधरवड्यात सहा वस्तू आल्या. त्यांत दोन लायटर होते आणि खेळाच्या सरांची हरवलेली तंबाखूची डबी होती. सरांनी डबी परत मागितली, मी दिली नाही.

नोंदवही का ठेवली असे विचारल्यावरून सांगते की, तपासणीला पुरावा लागतो. आमच्या शाळेत झाडाला पाणी घातले तरी त्याची नोंद होते. अनुक्रमांक, तारीख, वस्तू, नाव, सही असे रकाने मी स्वतः पट्टीने आखले. नावे लिहून घेणार आणि म्हणणार घाबरू नका, यातली विसंगती तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. पहिल्या सहा जणांनी खोटी नावे लिहिली. तंबाखूच्या डबीपुढे तर मुख्याध्यापकांचेच नाव होते. मी हसून सोडून दिले.

सोमवारी मधल्या सुट्टीत, अकरा वीसला, वरच्या वर्गातली एक विद्यार्थिनी, वय १५, प्रयोगशाळेत आली. तिने कंपासपेटीतून अकरा गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. अभ्यासाला जागे राहायला म्हणून क्लासमधल्या एका मोठ्या मुलीने दिल्या होत्या, आता तीन आठवडे घेतल्या नाहीत, असे ती म्हणाली. मी वही पुढे केली.

"बाई, नाव लिहायलाच पाहिजे का?"

"अगं, वही त्यासाठीच तर आहे. सूचना वाचलीस ना?"

तिने पूर्ण नाव लिहिले. तुकडी आणि हजेरी क्रमांकही लिहिला, तो मी मागितला नव्हता. जाताना म्हणाली, "आता बरं वाटतंय." मला फार आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझे कोणी ऐकले होते.

बुधवारी तपासणीची फाईल नोंदवहीसह मुख्याध्यापकांकडे गेली. त्यांनी मला बोलावले. "बाई, हे काय करून ठेवलंत? शाळेत गोळ्या मिळतात असा बभ्रा होईल. त्यापेक्षा आपणच पकडल्या म्हणू." गुरुवारी त्यांनी तक्रार दिली. तीत 'दप्तर तपासताना सापडल्या' असे लिहिले आहे. कोणाचेही दप्तर तपासलेले नाही. फलकावर सूचना आता नाही. सही केल्याचे त्यांना आठवत नाही. माझ्याकडची प्रत बिनसहीची आहे.

काल संध्याकाळी ते मला म्हणाले, "दप्तरात सापडल्या, एवढंच सांगा. पोर लहान आहे, समज देऊन सोडतील. तुमची नोकरी अजून बरीच आहे." तसे सांगितले तर ती पकडली गेली असे होते. खरे सांगितले तर नोंदवही पुढे येते आणि तिच्यात तिची सही आहे. काहीही सांगितले तरी नाव तिचेच येते. ही कात्री मीच आखून ठेवली आहे.

बाहेरच्या बाकावर ती आईसोबत सकाळपासून बसली आहे. आई म्हणाली, "मला नाही सांगितलं तिनं, बाई. तुम्हाला सांगितलं." मुलगी मला बघून सवयीने उठून उभी राहिली. मला ते सोसवले नाही.

गोळ्या कोणाच्या ताब्यात मिळाल्या असे विचारल्यावरून सांगते की, सोमवारपासून गुरुवारी दुपारी पोलिसांनी नेईपर्यंत त्या प्रयोगशाळेतल्या माझ्या कपाटात होत्या. किल्ली माझ्याकडे होती. तेवढ्या दिवसांत मी पोलिसांना, डॉक्टरांना किंवा पालकांना कळवले नाही. जप्तीच्या वेळी त्या मुलीजवळ एकही गोळी नव्हती. ताबा माझा होता.

लिहून घेणारे हवालदार येथे थांबले. म्हणाले, "बाई, हे लिहिलं तर तुम्ही साक्षीदार राहत नाही. घरी विचारून या." मी म्हटले, "लिहा."

वरचा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे, काही कमी करायचे नाही. शेवटी सहीच्या वर छापलेला 'साक्षीदार' हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला असून खोडल्या जागी माझी लहान सही आहे.