नारळासाठी थांबलेला खवा

मंडळी, आयाबायांनो,

तात्यांची माती झाली तेव्हा मी गुलबर्ग्याहून पोचू शकलो नाही. आज या शोकसभेला पोचलो. चौथीतून शाळा सोडलेला माणूस मी, सभेत कधी उभा राहिलो नाही. पण आत्ता संस्थेचे अध्यक्षसाहेब रडले. ते बघितलं आणि म्हटलं, आता बोललंच पाहिजे.

साहेब म्हणाले, आपल्या वाडीचा खवा कर्नाटकात नेला तो आपल्या दूध संस्थेनं.

संस्थेनं? व्हय साहेब?

दुष्काळात रानं करपली. दावणीची म्हैस तेवढी लोकांनी पोटाला चिमटा घेऊन जगवली. दूध बाहेर न्यायला रस्ता नव्हता, म्हणून घरोघर आटवून खवा करायचा आणि ईट गावच्या बाजारात व्यापारी म्हणेल त्या भावानं टाकून यायचं. तात्या फडक्यात खवा बांधून थेट गुलबर्ग्याला गेले. मिठाईवाल्या सेठला चाखवला. सेठ म्हणाला, "अच्छा है, लेकिन सख्त नक्को. जामून को नरम होना."

तात्यांनी हे संस्थेत सांगितलं. साहेब, तुम्ही काय म्हणालात? "आपला खवा कडकच असतोय. खायाचा तर खा म्हणावं." ही पुढच्या रांगेतली मंडळी लई हसली. आत्ता डोळे पुसतायत तीच. तात्या म्हणाले, "अरं, जेवणार ते, मग मीठ तुमच्या जिभेनं कशाला बघता?"

आपल्या वाडीतल्या गयाकाकीनं चुलीवरनं नरम खवा उतरवून दाखवला. पण नरम खवा टिकत नाही. उतरवला की निघायचं, थांबायचं नाही. एवढीच अट. एवढीच!

मग संस्थेला जाग आली. टेम्पो ठरला. टेम्पो ठरला म्हणून नारळ आला. नारळ आला म्हणून पाहुणे बोलावले. आणि पाहुणे काही येईनात. पहाटे उतरवलेला खवा मांडवात, पत्र्याच्या डब्यात, चैताच्या उन्हात. टेम्पोला मात्र हार. तात्या ओरडत होते, "फोडा की कुणीबी! गयाकाकी फोडंल!" साहेब म्हणाले, "तात्या, शिष्टाचार असतोय." दिवस कलल्यावर पाहुण्यांची मोटार आली. वर भाषण झालं. शेजारच्या राज्यात झेंडा रोवायला निघालो म्हणे आपण!

तिकडं आपलं एक माणूस पाहिजे, म्हणून तात्यांनी मला सेठकडं कामाला चिकटवलं होतं. डबे मीच उघडले. वासानं मागं सरलो. सेठ एवढंच म्हणाला, "तात्या, ये क्या लाये जी?"

इकडं संस्थेनं ठराव केला. परमुलखात आपला माल चालत नाही, तात्यांनी गावाचं नाव घालवलं. त्या ठरावाला टाळ्या पडल्या, मंडळी. टाळ्या!

तात्यांनी काय केलं? गयाकाकीला रेल्वेत बसवलं. बार्शीच्या पुढं कधी न गेलेली बाई. सेठच्या भट्टीवर, सेठच्याच दुधाचा तिनं खवा केला. सेठनं चाखला. "अम्मा, ऐसाच होना." काकी म्हणाली, "मग त्या मांडवातल्या माणसांना सांग की, मेल्या!" सेठला मराठी कळतं. लई दिवसांनी हसला.

तेव्हापासून चार घरांचा खवा सांजच्या एस्टीनं सोलापूर, तिथून रेल्वेनं गुलबर्गा. हार नाही, तुरे नाहीत. तात्या स्वतः मांडीवर डबा घेऊन बसायचे, कंडक्टरला शिव्या घालत.

आणि आज साहेब जाहीर करतायत, तात्यांचं काम संस्था पुढं नेणार. सोमवारी कार्यक्रम. पाहुणे येणार. ऐकलंत? पुन्हा पाहुणे!

नाही साहेब. त्या चार चुली या खव्यावर पेटतात. त्यातली एक आता तात्यांच्या कारभारणीची आहे. तिकडं माल उतरवून घेणारा मी आहे, आणि संस्थेचा डबा मी उतरवून घेणार नाही. सेठला सांगूनच आलोय. उद्या सांजच्याला गयाकाकी डबा घेऊन निघणार. परवा सकाळी गुलबर्ग्याच्या फलाटावर मी उभा असेन.

तात्या, रामराम घ्या.

आता सगळ्यांनी उठून दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. अध्यक्षसाहेब, तुम्हीसुद्धा. तात्या होते तोवर तुम्हाला हे कधी जमलं नाही. आज जमवा.