काटे कोण काढणार?

…आणि वर मलाच विचारतात, "काका, तुमची नेमकी अपेक्षा काय आहे?" अहो, अपेक्षा काय असणार? म्हाताऱ्या माणसांना सांभाळायची ठिकाणं बघत जिल्हाभर हिंडलो, तळेऱ्यापासून पार बांद्यापर्यंत, आणि जिथे गेलो तिथे एकच साधा प्रश्न विचारला, काटे कोण काढणार? तर माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली की पेशंट बायको आहे की मी, हे आधी तपासून घ्यावं!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही तसंच बघाल. मी दत्ताराम, विजयदुर्गाचा. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे घसा फाडून बोलायची सवय, रागावलोय असं समजू नका… म्हणजे रागावलोय, पण तुमच्यावर नाही. बायको मथुरा. मथुरेला विसरायचा आजार झाला. डॉक्टरांनी त्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, ते घरी येईपर्यंत मीच विसरलो! हसा, हसा. तेव्हा मीही हसलो होतो, आणि तीही हसली होती, कारण तेव्हा तिला कळत होतं हसण्यासारखं काय आहे ते.

आता नाही कळत. सकाळी उठली की माझ्याकडे बघून पदर सावरते आणि विचारते, "तुमी कोणाकडचे?" माझ्याच घरात, माझ्याच खाटेवर बसलेला मी, काय सांगू कोणाकडचा? म्हणतो, "हंयचोच." इथलाच. "असां होय," म्हणते, "चाय घेतलात?" म्हणजे बघा, नवरा विसरली, पण दारात आलेल्याला चहा विचारायचं नाही विसरली! मग मी पाहुण्यासारखा चहा करतो, दोघांचा, आणि पाहुण्यासारखा पितो.

पण दुपारी जेवायला बसलो की… तुम्ही पुण्यामुंबईकडचे असाल तर कर्ली म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल. मासा हो. चव अशी की भांडणं मिटावीत, आणि काटे इतके की देवाने आधी काटे केले आणि उरलेल्या जागेत मासा भरला! मथुरेचा जीव कर्लीवर. आणि एकदा काय झालं, काटा अडकला तिच्या घशात. सुका भात गिळ, केळं खा, काही होईना, शेवटी देवगडला दवाखान्यात पळालो. काटा कसा काढायचा तेच विसरली होती हो ती, जिने मला शिकवलं! तेव्हापासून काटे मी काढतो. समोर बसतो, एकेक घास बोटांनी चाचपतो, तिच्या ताटात ठेवतो. आणि त्या वेळी, फक्त त्या वेळी, ती माझ्याकडे बघते आणि म्हणते, "ओ, तुमी पण जेवा, निवतला सगळा." ओ! कळलं ना? बायको नवऱ्याला म्हणते तसं 'ओ'! दिवसभर मी पाहुणा आणि कर्लीच्या ताटापुरता नवरा. मग मी काय दुधीची भाजी करीन होय? रोज मासे. सोमवारी आमच्यात मासे करत नाहीत, तो दिवस तेवढा जड जातो.

मग घरीच का नाही ठेवत, म्हणाल. ठेवलं की! पण एक दिवस भर दुपारी, उन्हात, अनवाणी, रिकामी पिशवी घेऊन बंदरावर जाऊन बसली. होड्या येतील म्हणून. दुपारी कुठल्या होड्या? कोणीतरी हाताला धरून घरी आणली. ते एक. मग गॅस सुरू ठेवून परसात गेली. तेही एक. पण खरं कारण तुम्हाला सांगतो, तिचं नाहीच आहे, माझं आहे. मला न्हाणीघरात चक्कर आली आणि मी पडलो. आणि ही दारात उभी राहून बघत होती. ओरडली नाही, शेजाऱ्यांना हाक मारली नाही, नुसती बघत होती, कोण बाबा हा आमच्या न्हाणीघरात झोपलाय म्हणून! डॉक्टर म्हणाले, मास्तर, हृदय दमलंय, उद्या तुम्ही उठला नाहीत तर यांचं काय? म्हणून ही हिंडाहिंड.

मुलगा मुंबईला. जितेंद्र. फोनवर म्हणाला, "पप्पा, प्रॅक्टिकल व्हा. मी तीन ठिकाणं शॉर्टलिस्ट केलीत, रिव्ह्यू वाचा." मी म्हटलं, रिव्ह्यू कोणी लिहिलेत? तिथे राहणाऱ्यांनी? त्यांना आठवत असतं तर ते तिथे कशाला असते! सून दीपिका, भली आहे पोर, तिने फोन घेतला. "बाबा, अहो, तिथे म्युझिक थेरपी आहे, गार्डन थेरपी आहे, सगळं प्रोफेशनल आहे." मी म्हटलं, दीपिका, बाळा, ते सगळं असू दे, काटे कोण काढणार? मग म्हणाली, "बाबा, तुम्ही जाऊन तर या." आणि फोनवर रडली थोडी. तिचं तिथे काय चुकलं?

तर पहिलं ठिकाण तळेऱ्याजवळ, हायवेला. काचाच काचा! मॅनेजर टाय लावलेला. "या काका, या काकू, इथे आम्ही पेशंट म्हणत नाही, आम्ही कुटुंबीय म्हणतो." म्हटलं, वा. जेवायची वेळ होती, आम्हालाही ताटं वाढली. बघतो तर वरण, भात, सोयाबीनची भाजी. बुधवारी! मी विचारलं, मासे? तर म्हणे, "काका, आपल्याकडे सात्त्विक आहार असतो. नॉनव्हेज नाही." आता मासा नॉनव्हेज कधीपासून झाला? आमच्याकडे मासा म्हणजे मासा! मी वाद घालणार, एवढ्यात मथुरेने सगळ्यांच्या ताटांवरून नजर फिरवली आणि तिचा चेहराच पडला. बुधवार, आणि इतक्या ताटांत कुठेच मासळी नाही म्हणजे आमच्याकडे एकच अर्थ. सुतक! उठली, आणि शेजारच्या म्हातारीच्या पाठीवर हात ठेवून विचारते कशी, "कोण गेला गो बाय? कधी गेला?"

मी कपाळावर हात मारला. मॅनेजर धावला, "काकू, कोणी नाही गेलं, सगळे मजेत आहेत!" ही ऐकते कुठे! "रडून घे," म्हणते, "रडल्याशिवाय सुटाचा नाय." आणि तुम्हाला सांगतो, ती म्हातारी रडायला लागली. खरंच हो! मथुरेच्या कुशीत शिरून ढसाढसा, कुणाकुणाची नावं घेऊन. मॅनेजर म्हणाला, यांना इथे शिफ्ट करून आज बरेच महिने झाले, कधी रडल्या नाहीत. मी म्हटलं, विचारलं होतं का कोणी? मग आम्ही निघालो, गाडी मीच चालवत होतो, आणि शेजारी मथुरा तळेरे मागे पडेपर्यंत पदराला डोळे पुसत होती, कोणासाठी ते तिलाही ठाऊक नाही.

दुसरं बांद्याच्या पुढे, गोव्याच्या हद्दीला टेकलेलं. तिथली बाई ब्रेंडा, हसतमुख, चटपटीत. मी पायरीवरूनच विचारलं, मासे? "रोज, अंकल!" म्हटलं, जिंकलो! आणि काटे कोण काढणार? तर म्हणते, "काटेच नसतात, अंकल! बोनलेस! बासा!" आणि आणून ठेवला तो बासा नावाचा मासा पुढ्यात. पांढरा, चौकोनी, खोडरबरासारखा. मथुरेने तो बोटांनी दाबला, उलटा केला, फोडला, आतून बघितला, ताटाखाली बघितला. "ह्याचो काटो खंय गेलो?" म्हणाली. "काट्याशिवाय मासो? कोणीतरी आधी खाल्लो आसतलो." आणि ताट सरकवून हात धुतले! मी हसायला लागलो, पण ब्रेंडा नाही हसली. माझ्या शेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अंकल, मागे आमच्याकडे एका पेशंटच्या घशात घास अडकला होता. मी तिथेच होते. मला परत तसं बघायचं नाही." बरोबर होतं तिचं. हायवेवाल्याशी भांडता आलं, हिच्याशी भांडताही येईना. सगळीच माणसं चांगली असली की निवड कशी करायची हो?

घरी आलो आणि ठरवलं, कुठेच नाही. मरू दे ते हृदय. काटे कोण काढणार? मी! आणि चार दिवसांनी परत चक्कर आली, यावेळी कर्लीचं ताट हातात असताना. ताट पडलं, मी पडलो, आणि मथुरा खाली बसून जमिनीवरची कर्ली वेचायला लागली. मला बाजूला सारून.

तेव्हा तिसऱ्या ठिकाणी गेलो. मालवणच्या अलीकडे, फ्लाव्हियाबाईंच्या घरात. कुवेतला नर्स होत्या, परत आल्या आणि मोठ्या घरात अशी आठ-दहा माणसं ठेवून घेतली. ना काच, ना थेरपी. मी जरा दमलोच होतो, प्रश्नही अर्ध्या आवाजात विचारला. तर म्हणाल्या, "काटे? कोणाकोणाचे मी काढतंय, कोणाक काढूंक येतत, तेंका काढूंक देतंय. मी बाजूक बसान आसतंय. तुमी पयली जेवा, मास्तर, मगे बोला." आणि त्या दिवशी काय होतं माहितीये? कर्ली.

टेबलावर मथुरेच्या शेजारी एक म्हातारा, कायतान. जन्म समुद्रावर गेला, आता काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. बिचारा ताट चाचपत होता. मी नेहमीसारखा मथुरेचं ताट ओढायला हात पुढे केला… आणि तिने कायतानचं ताट स्वतःकडे ओढलं. आणि तुम्हाला सांगतो, बोटं अशी चालायला लागली तिची! दोन बोटांत तुकडा धरला, कण्याशी दाबला, उसवला, एकेक बारीक काटा ताटाच्या कडेला रांगेत. ज्या बाईला स्वतःचा घास सोडवता येत नव्हता, ती! मी बघतोय, फ्लाव्हियाबाई बाजूला बसून घास डोळ्यांखालून घालतायत, एक काटा सुटलेला नाही. कायतान घाबरला, "कोण गो तू?" तर ही कशी रागावली, "गप खावा!" आणि फ्लाव्हियाबाईंना म्हणाली, "ह्यांका शेपटेकडचो तुकडो दी गो. ह्यांका तोच आवडता."

ह्यांका. जन्मात माझं नाव घेतलं नाही तिने, चारचौघांत मी 'हे', मला म्हणजे 'ह्यांका'. आणि शेपटीकडचा तुकडा मला आवडतो हो! मला! कायतानला नाही, तो नंतर म्हणाला की त्याला डोकं आवडतं! म्हणजे सगळं आठवत होतं तिला. आवड आठवत होती, तुकडा आठवत होता, नवरा आहे आणि त्याला जपायचं आहे, हेही आठवत होतं. फक्त तो कुठल्या खुर्चीवर बसलाय तेवढं चुकलं. आता मी काय करायचं होतं? उठून त्या आंधळ्या माणसाच्या ताटातून माझा तुकडा मागायचा होता? तुम्हीच सांगा! मला वाईट वाटलं. खूप वाटलं. आणि बरंही वाटलं, कारण ती हसत होती, किती दिवसांनी हसत होती, आणि काटे काढून घ्यायला नाही, काढून द्यायला कोणीतरी हवं होतं तिला. मला हे घरी सुचलं नसतं.

मी तिच्याकडे टक लावून बघतोय हे तिच्या लक्षात आलं. पदर सावरला, आणि फ्लाव्हियाबाईंना म्हणते, "गो, त्या ड्रायव्हराक पण वाढ. लांबसून गाडी घेवन इलो हा, उपाशी आसतलो."

वाढलं. जेवलो. कर्ली छान होती, काटे माझे मीच काढले. फ्लाव्हियाबाईंनी विचारलं, "मास्तर, काय ठरवलात?" मी मान हलवली. तिची पिशवी गाडीतून काढून आत ठेवली. निघताना ती दारापर्यंत आली, बरोबर कायतानचा हात धरून, आणि मला म्हणाली, "सांभाळून जावा हां, ओ ड्रायव्हर. घरची माणसां वाट बघीत आसतली."

"होय," म्हटलं, "बघीत आसतली." ड्रायव्हरने आणखी काय बोलायचं असतं?