पाटीच्या पलीकडचा नळ

नोरीन : बूट तरी काढ, वॉलेस. वाळूत असा बूट घालून बसलास तर लोकांना वाटेल, कुणाला तरी अटक करायला आलायस.

वॉलेस : वाटू दे. पोलिसाला निदान कुणी 'कपडे काढ' म्हणत नाही.

नोरीन : टोपी, जाकीट, पँट, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. जुलै महिना आहे रे बाबा! फेरीबोटीतसुद्धा एवढे कपडे घातलेला तूच एकटा होतास.

वॉलेस : आणि तू? बोटीतून उतरलीस काय, टॉवेल पसरलास काय, आणि केळं सोलावं तशी मोकळी झालीस! पस्तीस वर्षं संसार केला, मला वाटत होतं मी हिला ओळखतो.

नोरीन : मी कशाला लाजू? दोन बाळंतपणं, पित्ताशयाचं ऑपरेशन, आणि शाळेच्या कँटीनमध्ये वीस वर्षं चाखून बघितलेलं चीज. सगळं जागच्या जागी आहे माझं. जागाच जरा खाली सरकल्यात.

वॉलेस : लग्नाच्या वाढदिवसाला लोक बायकोला जेवायला नेतात. टोरांटोत काय हॉटेलं कमी आहेत? मी मारे विचारलं, 'नोरीन, यंदा काय हवं?' तर म्हणे, बेटावरच्या नागड्यांच्या किनाऱ्यावर ने.

नोरीन : पुढचं वाक्य सोयीस्कर विसरलास.

वॉलेस : विसरलो नाही.

नोरीन : मग बोल की.

वॉलेस : 'मला माझा नवरा बघायचाय.' ऐकलं होतं मी. बहिरा नाही झालो अजून.

लायनल : माफ करा हं, मध्येच बोलतोय. मी लायनल. शेजारचा निळा टॉवेल माझा. साहेब, इथे कुणी कुणाकडे टक लावून बघत नाही, तसा रिवाजच आहे इथला. पण आज तो मोडायची वेळ आलीये. अख्खा किनारा चोरून तुमच्याकडे बघतोय.

वॉलेस : माझ्याकडे? मी तर एवढा झाकलेला आहे!

लायनल : म्हणूनच. कपड्यांतला माणूस दिसला की इथल्यांना धास्ती वाटते. एक तर तो कॅमेरा घेऊन आलेला असतो, नाही तर आम्हाला सुधारायला.

वॉलेस : मी प्लंबर आहे हो. निवृत्त झालोय.

लायनल : मग तर काही अवघड नाही. माफ करा, पण प्लंबरची पँट तशीही अर्धी खालीच असते.

नोरीन : लायनल, तुम्ही मला फार आवडलात.

वॉलेस : बरं, बरं. काढतो. तोंडं तिकडे करा दोघं.

नोरीन : एवढ्या सगळ्या लोकांना सांगू का, तोंडं तिकडे करा म्हणून?

वॉलेस : नको. हे घे बूट. हे मोजे. जाकीट. पँट. आणि ही... ही पण घे. झालं समाधान?

नोरीन : आणि शर्ट?

वॉलेस : शर्ट राहू दे.

लायनल : साहेब, किती उन्हाळे येतोय मी इथे, पण खाली काही नाही आणि वर गळ्यापर्यंत बटणं, असा माणूस आज पहिल्यांदा बघितला. लोक साधारणपणे वरून सुरुवात करतात.

वॉलेस : माझं खालचं सगळं मूळ कंपनीचं आहे हो. घोळ वर आहे.

नोरीन : आतड्याचा कॅन्सर झाला होता ह्याला, लायनल. आता नाहीये. शौचासाठी पोटाला पिशवी जोडून दिली, आणि दवाखान्यातून घरी सोडला. पण घरी काही तो आलाच नाही. दोन वर्षं झाली, गेविनच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या, रिकाम्या खोलीत झोपतो. पॅसेजमधल्या बाथरूममध्ये आतून कडी लावून बसतो. मला त्याचं पोट दिसलेलं नाही अजून.

वॉलेस : नोरीन! ओळख होऊन किती वेळ झाला माणसाची?

नोरीन : त्याला आत्ता तुझं जे दिसतंय ते बघता, पोटाचं ऐकून काय बिघडणार आहे?

वॉलेस : ऐका लायनल, तुम्हीच सांगा. जन्मभर मी लोकांचे सांडपाण्याचे पाइप भिंतीत गाडले. बाहेर दिसता कामा नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. पाइप उघडा दिसला की काम हलकं. आणि डॉक्टरांनी माझंच कनेक्शन काढलं कुठे? बाहेर! बेंबीच्या शेजारी! असलं काम मी गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडानं दाखवू?

नोरीन : मी गिऱ्हाईक होय रे?

वॉलेस : तसं नाही गं.

नोरीन : मग कसं?

वॉलेस : तू बघशील आणि काही बोलणारच नाहीस, ह्याची भीती वाटते. तू ओरडलीस तर चालेल, हसलीस तर चालेल. गप्प बसलीस तर मी काय करू?

लायनल : शर्ट काढणार असाल तर आधी हे क्रीम घ्या. दोन वर्षं ऊन न लागलेली कातडी आहे, बघता बघता भाजून निघेल. तोवर मी त्या होड्या बघतो.

वॉलेस : बटणंसुद्धा कधी नव्हे ती घट्ट बसलीयेत आज... हं. घे. बघ.

नोरीन : ...

वॉलेस : बघ! गप्प बसलीस!

नोरीन : अरे, चष्मा शोधतेय मी! थांब. हं. ही? ही एवढीशी? एवढ्याशा पिशवीसाठी दोन वर्षं मी एकटी झोपले? मला वाटलं, बटाट्याचं पोतं बांधलंय की काय!

वॉलेस : संध्याकाळपर्यंत जरा मोठी होते.

नोरीन : माझं पोटही होतं की संध्याकाळपर्यंत मोठं. आण ते क्रीम, मी लावते.

वॉलेस : नको. माझं मी लावतो. बघितलंस ना? आजच्यापुरतं तेवढं बास.

नोरीन : बरं बाई. लाव तुझं तू.

वॉलेस : श्श. ऐकू येतंय का?

लायनल : लाटा?

वॉलेस : लाटा कसल्या! टप, टप, टप. नळ गळतोय कुठे तरी. तो बघा, त्या झाडांपाशी, पाय धुवायचा नळ. वायसर गेलेलं दिसतंय.

नोरीन : गळू दे.

वॉलेस : चांगलं पाणी वाया चाललंय गं. नुसता बघून येतो.

नोरीन : वॉलेस, अरे... गेला. बघा कसा चाललाय, लायनल, हात हलवत, मान वर करून. किती दिवसांनी बघितला मी त्याला असा चालताना!

लायनल : बाई, तो नळ पाटीच्या पलीकडे आहे.

नोरीन : कसली पाटी?

लायनल : 'येथून पुढे कपडे घालणे बंधनकारक.' पलीकडचा किनारा सहलींचा. आणि आज रविवार.

नोरीन : अरे देवा! वॉलेस! वॉलेस, मागे फिर!

(बऱ्याच वेळाने वॉलेस परत येतो. कमरेला पिवळ्या बदकांचा टॉवेल.)

नोरीन : बदकं?

वॉलेस : एका भल्या बाईनं दिला. धुऊन परत करायचाय.

लायनल : आणि नळ?

वॉलेस : बंद झाला! वायसर ठीक होतं, वरचा नट ढिला होता. उकिडवा बसलो, बोटांनीच आवळला. काम मनासारखं झालं म्हणून कमरेवर हात ठेवून उठलो, वळलो, तर समोर पाय धुवायला रांग. चर्चची सहल. सगळ्या माझ्या आईच्या वयाच्या बायका, हातात अंड्याची सँडविचं.

नोरीन : म्हणजे तू उकिडवा बसला होतास तेव्हा मागे...

वॉलेस : रांग होती. हो. आणि रांगेच्या शेजारी जीवरक्षक पोरगी. म्हणाली, 'सर, दुरुस्तीबद्दल आभार. आता पाटीच्या पलीकडे जाता का?'

नोरीन : मग तू काय केलंस?

वॉलेस : काय करणार? दोन्ही हातांनी झाकलं.

नोरीन : साहजिक आहे.

वॉलेस : काय झाकलं ते विचार ना.

नोरीन : काय?

वॉलेस : खालचं! दोन्ही हात खाली. पिशवी तशीच, भर उन्हात, अख्ख्या चर्चसमोर. आणि मला तिची आठवणच नाही, नोरीन! परत येताना पाटीपाशी ध्यानात आलं. दोन वर्षं जी झाकत बसलो, नेमकी तीच झाकायची राहिली.

लायनल : म्हणजे इतर कुणालाही वाटली असती, तीच लाज वाटली तुम्हाला.

वॉलेस : बघा ना! साधी, चारचौघांसारखी लाज! मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

नोरीन : रडतोयस?

वॉलेस : क्रीम गेलं डोळ्यात.

नोरीन : माझ्याही गेलं.

लायनल : मी जरा पाण्यात डुंबून येतो.

नोरीन : ये इकडे. खांदे बघ, टोमॅटो झालेत. आणि पोटही भाजलंय, पिशवीच्या कडेनं. माझं मी लावतो म्हणे! लावू का आता?

वॉलेस : लाव. हळू हं.

नोरीन : दुखतंय?

वॉलेस : नाही. हात गार आहेत तुझे.

नोरीन : आता तू का गप्प?

वॉलेस : आपल्या खोलीतल्या बाथरूमची कडी. तिचे स्क्रू ढिले झालेत ना?

नोरीन : कधीचे. तू फिरकतोस कुठे तिकडे बघायला?

वॉलेस : आज गेल्यावर ती काढूनच टाकतो.

नोरीन : आणि नवी कधी बसवणार?

वॉलेस : नवी कशाला? तिथे आपण दोघंच तर असणार.