घेवड्याची मुळं

दवाखान्यात दोघी जावा बाकावर बसल्या होत्या. केसपेपर लिहिणाऱ्या कंपाउंडरचे कान तिकडेच लागले होते.

"लेकीच्या शाळेचा प्रयोग म्हणून बरणीत घेवडा रुजवला. कोंब नीट वर गेले, पण मुळं काही खाली जाईनात. आडवीच वाढली, मामंजींच्या खाटेकडे."

"बरणी फिरवून ठेवायची ना, ताई."

"रोज फिरवत होते. सकाळी बघावं, तर पुन्हा तिकडेच."

"आणि मामंजी गेल्यावर?"

"दोन दिवस सरळ खाली गेली. म्हटलं, सुटलो एकदाचे."

"मग?"

"परवा पुन्हा वळली. माझ्या उशीकडे."

धाकटी हळूच बाकाच्या टोकाला सरकली.

कंपाउंडरनं थोरलीला पुढे बोलावलं. "त्रास काय लिहू?"

"अजून तरी काही नाही."