स्टेशनबाहेरच्या पाच

बाबांचे राहिलेले कपडे न्यायला मी जपानमधल्या इचिकावाच्या रुग्णालयात गेले होते. शेजारच्या बाकावर एक वडील आणि मुलगा मराठीत बोलत होते.

"नचिकेत, डॉक्टर खूश दिसले."

"खूश कसले, बाबा? ऑपरेशनने आतड्यातला कॅन्सर काढल्यावर शिवलेला जोड गळण्याचा धोका किती, ते त्यांनी कॉम्प्युटरवर काढलं."

"कमीच असणार. जन्मात सिगारेट ओढली नाही म्हणून सांगितलं ना मी?"

"तुम्ही मराठीत सांगितलंत. मी जपानीत रोजच्या पाच म्हणालो."

"काय? दुभाषी आहेस की हेर?"

"घरातला कचरा मी वेगळा करतो, बाबा. थोटकं प्लास्टिकमध्ये टाकत नाहीत."

"आईला कळलंय?"

"तिनेच दाखवली मला."

"दोघंही गप्प बसलात होय! मग धोका किती आला?"

"मध्यम. आजपासून सिगारेट बंद करायला सांगितलीय."

"हं. चल, परत आत जाऊ."

"आता कशाला?"

"दहा सांग त्यांना."

"दहा?"

"घरातल्या पाच तू मोजल्यास. स्टेशनबाहेरच्या पाच कोण सांगणार? ऊठ लवकर, आतडं माझं आहे."