मेलन, मार आणि चोळी

...हसा, हसा, तुम्हाला हसायला काय जातंय! तुमच्या घरचा नळ साधा बिघडलेला असेल. आमचा बिघडलेला नाही, आमचा नळ 'रिलक्टंट' आहे! सकाळची वेळ, तोंडाला साबण, डोळे मिटलेले, मी ओरडतोय, "अगं, पाणी का येत नाही?" आणि आमची ही आतून शांतपणे सांगते, "अहो, ओरडू नका, तो रिलक्टंट आहे. त्याच्या मनात नाहीये, पण येईल." आता यावर माणसानं बोलायचं काय? माझ्याकडे इंग्रजीचे शब्द दोनच, यस आणि नो, त्यातला नो लग्न झाल्यापासून तसाच कोरा पडून आहे. मी म्हटलं, यस.

तुम्ही म्हणाल, बाई इंग्रजीची प्राध्यापक असेल. छे हो! मी चष्मेवाला, काचा घासतो नि फ्रेममध्ये बसवतो, आणि ही एका मोठ्या लायब्ररीच्या तळघरात फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. अकरा वर्षं झाली, तीही हंगामी म्हणून. उसवलेली शिवण, निघालेली पाठ, कुणीतरी कोपरा दुमडून दुमडून तोडलेली पानं... आणि येतात त्या बहुतेक इंग्रजी कादंबऱ्या, कारण जास्त वाचलं जातं तेच जास्त फाटतं. बरं, खळ लावली की पुस्तक वजनाखाली ठेवायचं, नि खळ वाळेपर्यंत करायचं काय? बाकीच्या बायका गप्पा मारायच्या. ही दुसऱ्या पुस्तकात डोकं घालून बसायला लागली. शाळेतलं इंग्रजी किती, तर अक्षरं ओळखता येतील नि बोट ठेवून वाचता येईल, एवढंच!

पण हिचा नियम बघा. एका पुस्तकाकडून एकच शब्द घ्यायचा. मी म्हटलं, "अगं, घे की दहा-बारा, कोण विचारतंय?" तर म्हणते, "हावरटपणा करायचा नाही." कापून उरलेल्या कागदाच्या पट्टीवर तो शब्द लिहायचा, घरी आणायचा आणि चिकटवायचा. आणि डिक्शनरी बघायची नाही! का? तर म्हणे, "डिक्शनरीत बघणं म्हणजे शेजाऱ्याकडे चौकशी करणं. मला शब्दाच्या घरी जाऊन बघायचंय." रिलक्टंट कसा कळला, तर कुठल्याशा कादंबरीत एक घोडा पुलावर पाय ठेवीना! झालं, घोड्यावरून आमच्या नळावर! साखरेच्या डब्यावर 'इनएव्हिटेबल', कारण साखर संपायचीच. माझ्या खुर्चीच्या पाठीवर 'ऑब्स्टिनेट', म्हणजे हट्टी. मी विचारलं, "हे कुणासाठी?" म्हणाली, "खुर्चीसाठी." मी म्हटलं, यस.

पण एक सांगू? थट्टा आपल्या जागी, एकदा मात्र मी गार पडलो. दुकान बंद करताना मला एक सवय आहे, कुलूप लावून झालं तरी मी दारावर हात ठेवून उगाच उभा राहतो, वडील तिथंच बसायचे ना, म्हणून असेल. मी कुणाला कधी बोललो नाही, कुणी विचारलं नाही. आणि एक दिवस ही मला न्यायला आली, लांबून बघत राहिली, नि घरी जाताना म्हणाली, "अहो, तुम्ही रोज दारापाशी करता ना, त्याला 'लिंगर' म्हणतात." अहो, त्याला शब्द आहे! कुठल्या देशातला कोण लेखक, त्यानं असाच कुणीतरी दारात उभा केला, हिनं त्याला बघितलं नि मला ओळखलं! पंचवीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांना काचा लावतोय हो, पण इतकं लख्ख मला कुणी बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी यससुद्धा म्हणालो नाही.

तर असं सगळं छान चाललेलं, आणि आली नोटीस! दुरुस्ती विभागात एकच जागा कायम होणार, बाकी सगळ्यांना महिनाअखेर निरोप. मुलाखत इंग्रजीत! आता मला सांगा, पुस्तकाची शिवण इंग्रजीत घालतात का? सुईला दोरा ओवताना व्याकरण लागतं का? पण नाही, इंग्रजीत! नोकरीचं एक वेळ सोडा, दुसरी मिळेल, पण नोकरी गेली की पुस्तकं गेली. हिला तळघराबाहेर कोण देणार होतं रोज एक नवी कादंबरी? आठ दिवस घरात एकही नवी पट्टी नाही. मी नळाला म्हटलं, "अरे, तू तरी काहीतरी कर."

मुलाखतीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर, दार अर्धवट उघडं. आत तिघं. ग्रंथपाल बाई, त्यांच्या चष्म्याची एक दांडी मघाशीच माझ्या डोळ्यात भरलेली, ढिली होती. दुसरा मुख्य कार्यालयातून आलेला, त्याचा टाय एवढा आवळलेला की प्रश्न गळ्यातून सुटायला वेळ लागावा. आणि तिसरे सदस्य, ते झोपलेले.

टायनं विचारलं, "व्हाय डू यू वॉन्ट धिस पोस्ट?"

आणि आमची ही, काय सांगू तुम्हाला, पाठ ताठ करून, खणखणीत, "सर, विदाउट बुक्स, आय ॲम मेलन."

टाय पुढं झुकला. "यू आर अ... मेलन?" आणि हातानं एवढा मोठा गोल करून दाखवला! खरबूज हो! त्याला वाटलं, बाई म्हणते, पुस्तकांवाचून मी खरबूज आहे! तिसरे सदस्य फळाच्या नावानं जागे झाले!

दुसरं कुणी असतं तर रडलं असतं. मी बाकावर रडायच्या बेतात होतोच. पण ही म्हणते, "नो सर. मेलन. लेडी, विंडो. लेटर नॉट कमिंग. लेडी नॉट क्राइंग. लेडी ओन्ली सिटिंग. दॅट मेलन." अगदी समजुतीनं, जसं काही त्या टायचीच परीक्षा आहे!

बाईंनी विचारलं, "कुठल्या पुस्तकात आहे हे?" हिनं नाव सांगितलं नाही, हिला पुस्तकं नावानं कुठं माहीत! "डाव्या भिंतीचं तिसरं कपाट, हिरव्या पाठीचं, पान एकशे बारा, खालचा कोपरा मी जोडलाय." शिपाई गेला, पुस्तक आणलं. पान उघडलं. बाईंनी बघितलं... आणि बाई हसायला लागल्या! अशा हसल्या की ती ढिली दांडी कानावरून निसटली. ओळीच्या शेवटी एम, ई, एल, ए, एन. पुढं एक बारीक आडवी रेघ. आणि उरलेला शब्द खालच्या ओळीत! ओळीत मावला नाही म्हणून तोडलेला. 'मेलन्कली' हो! उदास, खिन्न, तसलं काहीतरी. हिनं वरचा तुकडा घरी आणलेला!

"मग खालच्या ओळीतलं हे सी-एच-ओ-एल-वाय तुम्ही काय समजलात?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

ही म्हणाली, "चोळी."

आता सांगा! मला वर्षापूर्वी हिनं सांगितलेलं होतं, "अहो, त्यांच्या बायकासुद्धा उदास झाल्या की चोळीला हात लावून बसतात." मला शंका आली होती. पण मी म्हटलं होतं, यस!

आणि तिथं बाकावर मला भलताच घोर लागला. हिचा चष्मा कुणाचा? माझा! काचा कुणी घासल्या? मी! म्हणजे एवढी रेघ हिला दिसली नाही ती माझ्या हातच्या काचेपायी? मला राहवेना, मी सरळ दार ढकलून आत. "बाई, चूक माझी आहे, नंबर चुकला असेल, हिला दुसरी काच..." तर ही माझ्याकडे वळून म्हणते, "अहो, रेघ दिसत होती. मला वाटलं लेखक दमला."

"दमला?"

"पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत आलेला माणूस. घेतो एक श्वास."

कुणी हसलं नाही हो. ग्रंथपाल बाईंनी त्या जोडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग मराठीतच म्हणाल्या, "अर्धाच शब्द हातात आला, नि तुम्ही अर्थ पुरा लावलात. आमचं उलटं आहे, आम्हाला शब्द पुरे येतात." टायनं टाय सैल केला. त्याच्या कागदावर तीन चौकोन होते, इंग्रजी उत्तम, बरं, कच्चं. त्याचं पेन तिन्हींवर फिरलं, कुठंच टेकेना. शेवटी बाईंनी कागद ओढून घेतला, कुठं खूण केली ते त्यांनाच ठाऊक, पण आठवड्यात पत्र आलं. कायम! मी ती दांडी तिथंच, खिशातल्या पेचकसानं घट्ट करून दिलेली, पण त्याचा निकालाशी काही संबंध नाही, आधीच सांगतो.

सुटलो असं वाटलं ना? मलाही वाटलं. पण आता हिला कळलं ना रेघेचं! अकरा वर्षांच्या पट्ट्या उपसल्या, तर निम्म्या निम्म्याच! एका कादंबरीतला तरुण सूर्यास्त बघून म्हणतो 'मार'. मी तेव्हाच म्हटलं होतं, सूर्यास्त बघून कुणी मार कशाला म्हणेल? तर तो 'मार्व्हलस' निघाला, म्हणजे अप्रतिम, आणि उरलेलं 'वेलस' आमच्या फडताळावर दोन वर्षं माणसाचं नाव म्हणून चिकटलेलं, नाव काही शब्दात मोजत नाहीत म्हणे! आता सुट्टीच्या दिवशी मी तळघरात. हिला खास परवानगी मिळालीये. ही कादंबऱ्या काढून देते आणि मी भिंग घेऊन ओळींची टोकं तपासतो, शब्दाची उरलेली अर्धी बाजू शोधत. कमरेचा काटा ढिला झाला हो! पण जुळली एखादी जोडी, की ही अशी काही बघते त्या शब्दाकडे, की मीही बघत बसतो. शब्दाकडे नाही, हिच्याकडे.

गेल्या खेपेला सगळ्यात जुनी पट्टी निघाली, पहिल्याच पुस्तकातली, शाई उडालेली. एच, यू, एस. खाली हिनंच लिहिलेलं, 'हस'. दोन तास शोधलं, मग सापडलं ते पान. पुढची ओळ, बी, ए, एन, डी.

ही वाचून गोड हसली. म्हणाली, "अहो, हे तुम्हीच की! हजबंड! वर हस, खाली बंड."

तुम्हाला सांगतो, पंचवीस वर्षांच्या संसारात खालच्या ओळीपर्यंत मी कधी पोचलोच नाही. वरच्याच ओळीत आहे. हसलो, आणि म्हटलं... यस.