पाहुणा हाय मी

लातूरच्या बसस्थानकावर ऊन चढलं होतं. कुणाचा तरी चहा सांडला होता. चाकूरची दुसरी गाडीही महानंदाबाईंनी सोडून दिली होती. मागच्या बाकावर, बेघरांचं निवारा केंद्र बघून, तिथल्या लोकांचे फॉर्म भरून आलेल्या कॉलेजच्या दोन पोरी बोलत होत्या.

“मंजू, त्या आजोबांचा रकाना रिकामाच की गं.”

“बेघर लिहू देईनात. म्हणे, घर हाय की देवणीला, लेक ऱ्हातो तिथं.”

“मग इथं कशाला आलाव, विचारायचं.”

“विचारलं. म्हणे, पाहुणा हाय मी.”

“कधीपासून?”

“चार वर्षं झाली.”

महानंदाबाई वळल्या. “पोरींनो, बाईमाणसाला ठेवतेत का तिथं?”

“ठेवतात की आजी. कुणासाठी?”

“हाय एक वळखीची.”

“घर न्हाई का त्यांना?”

“हाय की. चाकूरला.”

सकाळी चाकूरहून निघताना सुनेनं महानंदाबाईंच्या पिशवीत, भर चैत्रात, स्वेटरही भरून दिला होता.